जनरल डब्यातले सोयरे

वाचकहो, गेल्या महिन्यात घराला रंग द्यायचा म्हणून कपाट रिकामे केले, तेव्हा एका जुन्या फाईलमध्ये रेल्वेचे तिकीट सापडले. परभणी ते दादर, जनरलचे, मे २०१६ मधले. शाई उडाली आहे, तारीख धड वाचता येत नाही. आमच्या सहचारिणीने विचारले, "हे कशाला जपून ठेवलंय?" इतकी वर्षे तिला जे सांगितले नव्हते ते त्या दुपारी सांगावे लागले. तिला सांगून झाले, तेव्हा आता वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही.

ते वर्ष दुष्काळाचे. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी सुरू झाली होती. पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि त्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी. रोजच्या वर्तमानपत्रात तिची छायाचित्रे. पाणी रेल्वेने मराठवाड्यात येत होते आणि माणसे रेल्वेनेच मराठवाड्याबाहेर जात होती. आम्हीही त्यांच्यातच निघालो, मात्र आमचे कारण दुष्काळ नव्हते.

आम्ही तेव्हा ज्या कार्यालयात कारकून होतो, तेथील रोकडवहीत ३८,४०० रुपयांचा फरक निघाला होता. वरिष्ठांच्या तोंडी आदेशावरून आम्ही एक व्हाऊचर टाकले होते. आदेश तोंडी, सही मात्र आमची. वरिष्ठांना काही आठवेना आणि आमच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. सात दिवसांत खुलासा द्या. आम्ही बी.कॉम., जमा-नावे हा आमचा विषय. गावातल्या निम्म्या निराधार बायकांचे अर्ज आमच्या हातचे. दुसऱ्याच्या नोटिशीला उत्तर लिहायला बसलो की तहसीलदाराला घाम फोडू, अशी आमची ख्याती! पण स्वतःच्या नोटिशीपुढे कोरा कागद घेऊन तीन रात्री बसलो आणि एक ओळ सुचली नाही. चौथ्या दिवशी घरी सांगितले की मुंबईला कार्यकर्त्यांची बैठक आहे. बैठक वगैरे काही नव्हती. परत कधी यायचे हेही ठरवले नव्हते. यापेक्षा जास्त त्याबद्दल लिहिवत नाही.

रात्री देवगिरी आली. जनरल डब्यावर आसने ९० असे लिहिलेले असते. ते कोणासाठी लिहितात हे कोडे आम्हाला अजून उलगडलेले नाही. त्या रात्री दुप्पट माणसे सहज असतील. परभणीलाच एक जोडपे आमच्याबरोबर चढले, जिंतूर तालुक्यातले. म्हातारा म्हणावा तर पन्नाशीचा, पण तोंडाला उपरण्याचा फडका गुंडाळलेला, गाल बसलेले. बाईच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. कोणी विचारण्याआधीच तिने सांगून टाकले, "टाटाला चाललो, मालकाच्या तोंडाचं हाय." मराठवाड्यात 'टाटाला' म्हटले की पुढे काही विचारावे लागत नाही. परळचे ते रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, पण आमच्याकडे त्या शब्दाचा अर्थ रुग्णालय असा नाहीच, आजार असाच आहे. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. या गृहस्थाच्या गालात तो त्याच्या पंधरा वर्षे आधीपासून होता.

लोकांनी त्यांना खिडकीशी जागा करून दिली. आम्हाला त्यांच्यासमोर अर्धी मांडी टेकता आली.

सेलूला एक जाडजूड गृहस्थ आत शिरले. पांढरे कपडे, हातात पाच लिटरचा पाण्याचा कॅन. त्या उन्हाळ्यात पाच लिटर पाणी घेऊन चढलेला माणूस म्हणजे डब्यातला सावकारच. मोठ्या मनाचा दिसला. बसल्याबरोबर त्याने झाकणात पाणी ओतून आजारी माणसाला दिले, त्याच्या बायकोला दिले, मग आमच्याकडे वळला. वळता वळता विचारले, "पाव्हणं, आडनाव काय म्हनलात?"

आम्ही काहीच म्हटले नव्हते. आता म्हटले. आमच्या आडनावावरून आमच्या वस्तीचा रस्ता सापडतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्याने "बरं बरं" म्हणून कॅनचे झाकण लावले आणि कॅन बाकाखाली सरकवला. भांडण नाही, शब्द नाही. १९०१ साली मसूर स्टेशनावर स्टेशनमास्तरने 'कोण तुम्ही' म्हणून विचारल्यावर त्या लहान मुलांनी, त्यांतच आपले बाबासाहेब, खरे सांगितले होते आणि मास्तर पाच पावले मागे सरला होता. इथे माणसाला मागे सरायला जागा नव्हती, म्हणून कॅन सरकला एवढेच. आमच्याजवळ आमची लिटरची बाटली होती. आम्ही तीतून दोन घोट घेतले आणि खिडकीबाहेर पाहू लागलो.

जालन्याला एक पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई चार-पाच वर्षांच्या मुलीला घेऊन चढली. एक पिशवी, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. घाईत निघालेले माणूस चपलांवरून ओळखावे. दरवाजाशी बसली होती. जिंतूरच्या बाईने तिला हाक मारून आपल्या पायाशी बसवले आणि लेकराला मांडीवर घेतले. पुढे औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) रेल्वे पोलीस डब्यात डोकावून गेले, तेव्हा आमच्या बाकाखालून कोणीतरी आमचा घोटा घट्ट धरला. पोलीस गेल्यावर वाकून पाहिले, तर तेरा-चौदा वर्षांचा मुलगा. नांदेडपासून तिथेच होता.

"कुठं निघालास रे?"

"मुंबईला. मामाकडं."

"मामा कुठं राहतो?"

"चर्चगेटला."

चर्चगेटला कोणाचा मामा राहत नाही. डब्यातल्या सगळ्यांना ते कळले, पण कोणी हसले नाही. जिंतूरच्या बाईने भाकरी आणि ठेचा काढला. मुलगा ज्या वेगाने जेवला त्यावरून त्याने कालपासून खाल्ले नसावे. तिच्या मालकाला भाकरी गिळता येत नव्हती, त्यांच्यासाठी डब्यात पातळ पेज होती. ती ते घोट घोट घेत होते आणि मुलाच्या जेवणाकडे पाहत होते.

रात्र वाढली की जनरल डब्यात एक गोष्ट होते. ज्यांना झोपायला जागा नाही ते बोलू लागतात. घरी बोलता येत नाही, कारण घरच्यांना उद्या तोंड दाखवायचे असते. इथे कोण कोणाला पुन्हा भेटणार? आधी मुलगा बोलला. बापाने कर्ज काढून बोअर घेतली, ती कोरडी गेली, मग बैल गेले. रोज रात्री आईबापाचे भांडण. मुंबईत हॉटेलात कप विसळायला लागलो तर महिन्याला दोन हजार घरी पाठवीन, असा त्याचा हिशोब. हिशोब आमच्यापेक्षा स्वच्छ होता.

मग जिंतूरच्या बाईने आमच्याकडे मोर्चा वळवला. "आन् तुम्ही हो भाऊ? तुमचं कोन हाय टाटाला?"

आम्ही म्हणालो, कोणी नाही. आणि मग का कोण जाणे, सहचारिणीला, मित्राला, युनियनच्या माणसाला जे सांगितले नव्हते ते त्या बाईला सांगितले. व्हाऊचर, सही, नोटीस, सात दिवस. तिला व्हाऊचर म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. तिने सगळे ऐकून एकच विचारले.

"पैशे तुम्ही खाल्ले का?"

"नाही."

"मंग पळता कामून?"

वाचकहो, त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही चार-दोन वाक्ये जुळवली, वरिष्ठ, पुरावा, आपल्या माणसाविषयी कार्यालयात असलेला आकस, आणि ती सगळी खरीच होती. पण तिने पुन्हा विचारले असते तर पुन्हा तेच उत्तर द्यावे लागले असते. ती पुन्हा विचारण्याच्या फंदात पडली नाही. मालकाच्या मानेखाली पिशवी सरळ करू लागली.

मनमाडच्या सुमारास त्यांना गोळी द्यायची वेळ झाली. त्यांच्याजवळचे पाणी संपले होते, म्हणून आम्ही आमची बाटली पुढे केली. तीत जेमतेम घोटभर होते. तेवढ्यात सेलूचे गृहस्थ वाकले, कॅन काढला आणि आमच्या हातातली बाटली घेऊन ती काठोकाठ भरून दिली. हाताला हात लागला. तोंडाने काही बोलले नाहीत. उरलेले पाणी त्यांनी नंतर कसे आणि कशातून प्यायले, हे आम्ही मुद्दामच पाहिले नाही.

त्यानंतर बऱ्याच वेळाने ते आपणहून बोलू लागले, कोणाकडे न पाहता. "माझी पोरगी गेली." बारा दिवस झाले होते. कॉलेजला म्हणून गेली ती आलीच नाही. मुलाबरोबर लग्न केले असल्याचे कळले होते, कल्याणला आहेत असा पत्ता लागला होता. मग ते आमच्याकडे पाहून म्हणाले, "तुमच्यातलाच हाय पोरगा." आडनाव का विचारले ते आता समजले.

तो 'सैराट'चा महिना. २९ एप्रिलला चित्रपट लागला होता आणि गावोगाव लोक ट्रॅक्टर भरून पाहायला जात होते. डब्यात पलीकडे कोणाच्या तरी मोबाईलवर त्यातलेच गाणे वाजत होते. ते म्हणाले, "सगळं गाव मला पाहून ते गाणं लावतं." आम्ही तो चित्रपट पाहिला होता आणि त्याचा शेवट आम्हाला माहीत होता. विचारावेसे वाटले, की कल्याणला जाऊन तुम्ही काय करणार आहात? विचारले नाही. त्यांच्या मांडीवर एक पिशवी होती, तीत काय आहे हेही विचारले नाही. मुलाचे नाव-गाव विचारून कोणाला तरी सावध करावे, असेही मनात आले. आमच्या ओळखीचे कार्यकर्ते कल्याणला होते, एक फोन पुरला असता. आम्ही डोळे मिटून घेतले. भाषणात आंतरजातीय विवाहावर पाऊण तास बोलणारे आम्ही, झोपेचे सोंग घेऊन बसलो. हे लिहिताना आजही लाज वाटते.

डोळे मिटलेले होते, कान नव्हते. जालन्याची बाई हळू आवाजात म्हणाली, "काका, मी बी निघून आले घरातून."

"कोनासंग?"

"कोनासंग नाही. हिला घेऊन." मग तिने सांगितले, तेही फार नाही. नवरा मारतो हे एका वाक्यात. बापाला फोन केला होता हे दुसऱ्या वाक्यात. "बाप म्हनला, तिकडंच मर, पर इकडं येऊ नको. चार मान्सांत माझी मान खाली घालू नको. मी हिला घेऊन इहिरीकडं गेले होते. इहिरीत पानी नव्हतं."

त्या वर्षी आमच्याकडच्या विहिरींत पाणी नव्हते. याउपर त्या वाक्याला काही जोडणे आम्हाला जमत नाही.

सेलूचे गृहस्थ बराच वेळ गप्प होते. गाडी इगतपुरीला थांबली, वडा-पाववाले आले. त्यांनी आठ वडा-पाव घेतले आणि सगळ्यांना वाटले, आम्हालाही. लेकरू झोपले होते, तिचा कागदात गुंडाळून आईच्या पिशवीत ठेवला. घाट उतरताना डब्यात कोणी बोलत नव्हते. कसाऱ्याच्या पुढे ती बाई म्हणाली, "काका, मला कल्यानला उतरायचं हाय. माझी मैत्रीन हाय, पर तिचं घर मला गावनार नाही. लेकरू हाय संगं. तेवढं सोडून द्याल का?"

ते लगेच बोलले नाहीत. कल्याण आले तेव्हा उठले, लेकराला खांद्यावर घेतले, तिची पिशवी दुसऱ्या हातात धरली आणि उतरले. स्वतःची मांडीवरची पिशवी आधीच तिच्या हातात दिली होती. पाण्याचा कॅन आमच्या पायाशी राहिला. गाडी हलल्यावर आमच्या ते लक्षात आले. उतरण्याआधी आम्ही तिच्या हातात एक चिठ्ठी दिली होती. तिच्यावर आमचा मोबाईल नंबर आणि खाली एक ओळ, की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क बाईला आहे, घर कोणाच्याही नावावर असो, संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे. कार्यकर्त्याची सवय, दुसरे काय! रात्रभर गप्प बसल्याची ती भरपाई होती.

दादरला उतरलो तेव्हा आमच्यासोबत एक आजारी माणूस, त्याची बायको आणि चर्चगेटला मामा असलेला एक मुलगा. मुंबईत हरवायला आलेल्या माणसावर तीन माणसांची जबाबदारी! मुलाला तसेच सोडणे शक्य नव्हते आणि स्वतःच्या जोरावर सोबत घेऊन फिरणेही बरे नव्हे. १०९८ हा मुलांसाठीचा फोन १९९६ साली मुंबईतच सुरू झाला, तो आम्ही लावला. कार्यकर्ते स्टेशनावर आले. कायद्याने अशा मुलाला चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. मुलगा आमचा हात सोडेना. आम्ही त्याला शब्द दिला की तुझा बाप येईपर्यंत आम्ही मुंबई सोडणार नाही. बापाला नांदेडकडून यायला दोन दिवस लागले.

ते दोन दिवस आम्ही परळला काढले. रांग आणि फॉर्म हा आमचा प्रांत. फाईल काढणे, कोणत्या खिडकीवर कोणता कागद, तपासणीच्या तारखा, सगळे त्या बाईच्या वतीने केले. येताना ते दोघे तिकीट काढून जनरलमध्ये चेंगरत आले होते. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपरचे भाडे माफ असते आणि सोबतच्या एका माणसाला पाऊण भाडे माफ असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ही सवलत आजही आहे, रुग्णालयातून नमुना भरून घ्यावा लागतो. वाचकांपैकी कोणाच्या घरी हे दुखणे असेल तर त्यांनी एवढे करावेच. रात्री पहिल्या दिवशी फुटपाथ, दुसऱ्या दिवशी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत त्यांना जागा मिळाली. बाबासाहेबांच्या मागोमाग चौदा दिवसांत, २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबा गेले. त्यांच्या नावाच्या त्या इमारतीत खेड्यापाड्यांतून आलेली माणसे फडक्यात तोंड गुंडाळून चुलीवर पेज शिजवत होती. त्या बाईने तेथे पोचल्या पोचल्या शेजारणीला आपल्यातली अर्धी पेज दिली. निघताना आम्ही पाया पडायला वाकलो तर म्हणाली, "आमच्या नका पडू. जाऊन त्या कागदाचं बगा."

मुलगा, त्याचा बाप आणि आम्ही परतीच्या देवगिरीने निघालो. मुलाला पोचवायला कोणी लागत नव्हते, बाप होताच. तरी आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. एकट्याने परत जाण्याची आमची हिंमत नव्हती, हे त्या बापाला आम्ही सांगितले नाही. सातव्या दिवशी दुपारी साडेचारला खुलासा दिला, दीड पानाचा. पहिले वाक्य होते, की मी पैसे घेतलेले नाहीत.

चौकशी अकरा महिने चालली. शेवटी बँक मेळपत्रकात एक अग्रिम दोनदा धरल्याचे निघाले आणि रक्कम जुळली. तरी निष्काळजीपणाबद्दल आमची एक वेतनवाढ रोखली गेली. वरिष्ठांना काहीही झाले नाही. असो.

जिंतूरचे गृहस्थ पुढच्या वर्षी वारले. बाईने दुसऱ्याच्या फोनवरून कळवले आणि रडता रडता आमच्या नोटिशीचे काय झाले हे विचारले. मुलगा नांदेडला टेंपो चालवतो.

जालन्याच्या बाईचा फोन त्याच वर्षी दिवाळीनंतर आला. उल्हासनगरला जीन्स शिवण्याच्या कारखान्यात कामाला लागली होती, मुलगी बालवाडीत. आम्ही भीतभीतच विचारले, की त्या काकांचे पुढे काय झाले? ती म्हणाली, "येतात कधी कधी. हिला खाऊ आणतात."

"आणि त्यांची मुलगी?"

"त्या दिवशी मी त्यांना दिवसभर सोडलंच नाही. मैत्रिणीचं घर मला ठाऊक होतं, भाऊ. तुम्ही सगळे झोपल्यासारखं करत होता, मग मीच म्हनले." थोडे थांबून तिने सांगितले, की लेकीकडे ते त्या दिवशी गेलेच नाहीत, रात्रीच्या गाडीने परतले. दसऱ्याला गेले. घरात शिरले नाहीत, उंबऱ्यावर बसले. जावयाने तांब्या दिला, तेवढे पाणी पिऊन आले.

त्यांचा कॅन आमच्या घरी अजून आहे. रंगाच्या कामात घरच्यांनी त्यात टर्पेंटाईन भरले होते. तो धुऊन ठेवला आहे.